तो सिनेमा तेलुगू प्रेक्षकांनीच नाकारला होता

गेल्या दिवाळीत घरी पाहुणे जमले होते. फराळ झाला आणि भाच्यानं मोबाईलवर एक तुकडा लावून सगळ्यांमध्ये फिरवला. नायक तलवार चालवतो, दोन मुंडकी हवेत उडतात आणि वरून झेपावलेले शिकारी पक्षी ती उचलून घेऊन जातात. घरभर हशा पिकला. दुसऱ्या तुकड्यात तोच नायक विमानतळावरून झेप घेऊन धावत्या रेल्वेच्या टपावर उतरतो आणि टपावरूनच बिहार गाठतो. पुन्हा हशा. मग आमचे एक काका म्हणाले, "तिकडं असलंच चालतं बघ. डोकं घरी ठेवूनच येतात लोक."

मला ते वाक्य लागलं, कारण ते खोटं आहे. हे दोन्ही तुकडे 'विनय विधेय रामा' या सिनेमातले. ११ जानेवारी २०१९ ला, ऐन संक्रांतीच्या तोंडावर तो लागला. राम चरणसारखा नायक, बोयापाटी श्रीनूसारखा मारधाडीचा हातखंडा असलेला दिग्दर्शक, समोर खलनायक म्हणून विवेक ओबेरॉय, निर्माते डी. व्ही. व्ही. दानय्या, आणि तेलुगू सिनेमाच्या वर्षातला सगळ्यात मोठा सण. एवढं सगळं असूनही तो सिनेमा 'तिकडं' चालला नाही. तेलुगू माणसानं तो पाहिला, तोंड कडू केलं आणि दुसऱ्या थिएटरकडं वळला. आज आपण त्या सिनेमाला जे हसतो ते तेलुगू प्रेक्षक आपल्या कितीतरी आधी हसून मोकळा झाला होता. आणि तोच सिनेमा आपण त्याच्या अभिरुचीचा पुरावा म्हणून त्याच्या तोंडावर मारतो. हा अन्याय आहे आणि तो मला जवळून ठाऊक आहे.

मी सोलापूरचा. आमच्या शहराच्या पूर्वभागात घराघरांत तेलुगू बोलली जाते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागावर आणि नंतर यंत्रमागावर या गावाची चादर नि टॉवेल उभा केला, त्यांच्या घरच्या बायकांनी विड्या वळून संसार ओढले. त्यामुळं इथं तेलुगू सिनेमा मूळ भाषेतच लागतो, हिंदी डबिंगची वाट कुणी बघत नाही. माझा शाळेपासूनचा मित्र अशाच घरातला. त्याच्याबरोबर मी 'विनय विधेय रामा' पाहिला तो गड्ड्याच्या दिवसांत. सिद्धेश्वराच्या यात्रेनं गाव फुललेलं, नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावर पाळणे. त्याच्या कारखान्याला सुट्टी होती. तो, त्याचे दोन चुलत भाऊ आणि मी असे चौघं गेलो.

सुरुवातीला थिएटरात जो जल्लोष होता तो खरा होता. नायकाचं नाव पडद्यावर येताच कागदाचे कपटे उडाले, शिट्ट्यांनी कान बधिर झाले. मध्यंतरापर्यंत माणसं सोबत होती. नंतर मात्र मी एक गोष्ट पाहिली, जी तोवर कधी पाहिली नव्हती. पडद्यावर एकामागून एक माणसं कापली जात होती आणि थिएटर शांत होत चाललं होतं. आमच्या पुढच्या रांगेतल्या पोरांनी मोबाईल काढले. अंधारात निळे चौकोन दिसायला लागले. मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "कथा लेदु रा!" म्हणजे गोष्टच नाही यात. त्यावर जो हशा झाला तो त्या अख्ख्या दुपारचा सगळ्यात मोठा हशा.

बाहेर चहाच्या गाडीवर मित्रानं विचारलं, "त्यातल्या मोठ्या भावाचं नाव काय होतं?" चौघांपैकी कुणालाच आठवेना. ज्याच्या मरणाचा सूड म्हणून एवढं रक्त सांडलं त्या माणसाचं नाव सिनेमा संपून दहा मिनिटं झाली नव्हती तोवर विसरलं होतं.

सिनेमाच्या अपयशाचं याहून नेमकं निदान मी आजवर कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही.

कथेचं बीज वाईट होतं असंही म्हणता येत नाही. चार अनाथ पोरांना एक तान्हं बाळ सापडतं आणि ते चौघं त्याला आपला पाचवा भाऊ म्हणून वाढवतात. मोठा भाऊ पुढं निवडणूक आयोगाचा अधिकारी होतो. बिहारमधल्या एका भागात राजू भाई नावाच्या गुंडाची सत्ता चालते आणि तिथं या भावाची गाठ त्याच्याशी पडते. आता विचार करा, आईबाप नसलेल्या पोरांनी स्वतःच्या तोंडचा घास काढून वाढवलेला मुलगा, आणि ज्यानं वाढवलं त्याच भावाचा खून. यात रडायला, चिडायला, आतून जळायला किती जागा आहे! पण सिनेमा तिथं थांबतच नाही. भाऊ मरतो तो नायकाच्या पुढच्या मारामारीला कारण पुरवण्यासाठी. शोक करायला पडद्यावर कुणाला फुरसत मिळत नाही, मग थिएटरातल्या माणसाला ती कुठून मिळावी?

सूडकथा ही तेलुगू सिनेमाची जुनी, मुरलेली वाट आहे. १९९९ साली 'समरसिंह रेड्डी' आला आणि रायलसीमेतल्या घराण्यांच्या वैरावर सिनेमांची रांग लागली. कडप्पा, कर्नूल, अनंतपूर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भांडणं, कोयते, गावठी बॉम्ब, धुरळा उडवत येणाऱ्या जीपगाड्या. वीस वर्षं या प्रेक्षकानं हे पाहिलं आहे. सूड कसा असावा आणि कसा नसावा हे त्याला शिकवायची गरज नाही. लोहाराला लोखंड किती तापलंय ते रंगावरून कळतं, तसं त्याला पहिल्या अर्ध्या तासात कळतं की या नायकाच्या रागाखाली काही आहे की नुसताच आवाज आहे.

आणि पुरावा हवा असेल तर तो याच नटाच्या आदल्या सिनेमात आहे. 'विनय विधेय रामा'च्या सुमारे साडेनऊ महिने आधी, ३० मार्च २०१८ ला, राम चरणचा 'रंगस्थलम' आला होता. दिग्दर्शक सुकुमार. तोही सूडाचाच सिनेमा. १९८० च्या दशकातलं गोदावरीकाठचं एक गाव, वर्षानुवर्षं गावावर मांड ठोकून बसलेला प्रेसिडेंट म्हणजे सरपंच, सोसायटीच्या कर्जात बुडालेले शेतकरी. नायक चिट्टीबाबू याला कमी ऐकू येतं. त्याचा थोरला भाऊ कुमारबाबू दुबईहून परततो, प्रेसिडेंटविरुद्ध निवडणुकीला उभा राहतो आणि मारला जातो.

या गोष्टीतला नायकाचा बहिरेपणा पाहा. साधं वैशिष्ट्य म्हणून दिलेला हा दोष भावाच्या मरणाच्या वेळी असा काही अंगावर येतो की बघवत नाही. आणि खुनाचं खरं कारण जेव्हा उघडं होतं तेव्हा ते निवडणुकीचं नसतंच. कुमारबाबूवर एका वरच्या जातीतल्या मुलीचं प्रेम असतं, आणि त्या मुलीच्या प्रतिष्ठित, सज्जन दिसणाऱ्या राजकारणी बापानं जातीच्या अभिमानापायी त्याला संपवलेलं असतं. चिट्टीबाबू त्या माणसाची अपघातानंतर दीर्घकाळ शुश्रूषा करतो. त्याला भरवतो, पुसतो, शुद्धीवर आणतो, आणि तो ऐकण्याच्या स्थितीत आल्यावरच त्याला मारतो. सूड घेण्यासाठी शत्रूला आधी जगवावं लागतं, ही कल्पनाच थरकाप उडवणारी आहे. तेलुगू प्रेक्षकानं हा सिनेमा डोक्यावर घेतला. जातीच्या अहंकारातून होणारे खून आपल्याकडंही होतात, त्यामुळं ती गोष्ट पाहताना मला ती परक्या प्रांतातली वाटली नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्रिविक्रम श्रीनिवासचा 'अरविंद समेत वीर राघव' आला. सुरुवातीलाच रायलसीमेतलं भयंकर कापाकापीचं दृश्य, नायक ज्युनिअर एनटीआर, आणि नंतरचा सगळा सिनेमा या प्रश्नावर की हे वैर थांबवायचं कसं. वैरात पुरुष मरतात आणि मागं उरलेल्या बायका काय भोगतात, हे त्यात घरातली आजी नातवाला सांगते. त्यातल्या 'पेनिविटि' या गाण्यात एक बायको भांडायला गेलेल्या नवऱ्याची वाट बघते. पेनिविटि म्हणजे नवरा, नाथ. तेही लोकांनी पाहिलं, गुणगुणलं, आपलं मानलं.

म्हणजे वर्षभराच्या आत एकाच प्रेक्षकापुढं सूडाच्या तीन गोष्टी आल्या. दोन त्यानं उचलून धरल्या, तिसरी खाली ठेवली. यात डोकं घरी ठेवून येणारा माणूस मला कुठं दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, पक्षी मुंडकी घेऊन जातात हे इतकं अतर्क्य आहे की तेवढ्यामुळंच सिनेमा पडला असेल. मला हे पटत नाही. अशक्य गोष्टींचं तेलुगू प्रेक्षकाला वावडं कधीच नव्हतं. १९५७ चा 'मायाबाजार' आजही तिथल्या घरांत पाहिला जातो. आपण जिला वत्सलाहरण म्हणून ओळखतो तीच कथा, त्यांच्याकडं ती शशिरेखेची. एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच लग्नघरातली पक्वान्नं फस्त करतो, ताटं आपोआप सरकतात, लाडू हवेतून तोंडात जातात, आणि आजी ते दृश्य नातवाला मांडीवर घेऊन दाखवते. अशक्याशी त्यांची ओळख अशी बाळपणापासूनची. पुढं २०२२ च्या मार्चमध्ये 'आरआरआर' आला. त्यातही निर्माते दानय्याच आणि दोन नायकांपैकी एक राम चरणच. आगीनं वेढलेल्या पुलावरून दोघं दोन बाजूंनी झेपावतात आणि नदीत अडकलेल्या पोराला वाचवतात. भौतिकशास्त्र त्यात कुठंच बसत नाही. पण एक पोर बुडत होतं, आणि दोन अनोळखी माणसांनी नुसत्या नजरेनं एकमेकांना ओळखलं. झेप कितीही खोटी असो, त्यामागची कळकळ खरी होती.

माझ्या म्हणण्याला छेद देणारं एक उदाहरण आहे, ते टाळून पुढं जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. याच बोयापाटी श्रीनूचा 'अखंडा' २ डिसेंबर २०२१ ला आला आणि धो धो चालला. हिंसा तशीच, आवाज त्याहून मोठा, माणसं तशीच हवेत उडतात. मग तो का चालला? मी त्यावर बराच विचार केला. त्यात बालकृष्ण या नटाची एक भूमिका अघोरी साधूची आहे. तो पडद्यावर आल्यापासून सिनेमा स्पष्ट सांगतो की हा तुमच्याआमच्यासारखा माणूस नाही, यात शिवाचा अंश आहे. त्याचं सारं अचाट वागणं त्या एका गृहीतकाखाली येतं, कीर्तनातल्या नरसिंहाचं जसं येतं. खांबातून सिंह कसा निघाला असं कीर्तनाला बसलेलं कुणी विचारत नाही. 'विनय विधेय रामा'चा नायक मात्र घरातला धाकटा मुलगा आहे, वहिनीच्या शब्दाबाहेर नसलेला, नावातच विनय असलेला. त्याच्या हातून अचाट काही घडायचं तर त्याआधी त्याच्या दुःखानं आपल्याला ओढून न्यायला हवं होतं. ते झालं नाही, म्हणून टपावरचा प्रवास नुसता टपावरचा प्रवास राहिला. 'अखंडा' मला स्वतःला फारसा आवडला नाही. पण तो का स्वीकारला गेला हे मला कळतं.

आता पैशाकडं येतो. अशा सिनेमाच्या पडण्याला आपण विनोद समजतो, पण त्याची किंमत कुणीतरी मोजत असतं.

तेलुगू सिनेमाचा बाजार प्रदेशांत वाटलेला आहे. निझाम, सीडेड, आणि मग आंध्रचे उत्तरांध्र, पूर्व गोदावरी, पश्चिम गोदावरी, कृष्णा, गुंटूर, नेल्लोर असे भाग. निझाम म्हणजे आजचा तेलंगणा, पण हिंदी सिनेमाच्या धंद्यात निझाम सर्किट म्हटलं की मराठवाड्याचा भागही त्यात येतो, कारण ही वाटणी जुन्या हैदराबाद संस्थानाच्या नकाशावरून आली आहे. सीडेड म्हणजे रायलसीमा. निझामानं १८०० साली हा मुलूख इंग्रजांच्या कंपनीला तोडून दिला म्हणून ते नाव. संस्थानं गेली, राज्यं बदलली, पण सिनेमाच्या वहीखात्यात तो नकाशा अजून जिवंत आहे.

या प्रत्येक भागाचा हक्क एखादा वितरक विकत घेतो. तिकडं त्याला बायर म्हणतात. सिनेमा तयार होण्याआधीच, नटाचं नाव, दिग्दर्शकाचा मागचा गल्ला आणि प्रदर्शनाची तारीख पाहून सौदा होतो. 'रंगस्थलम'सारखं यश नुकतंच पाठीशी असलेला नट आणि संक्रांतीची तारीख म्हटल्यावर आकडा चढणारच. कथा काय आहे हे त्या सौद्यात फारसं कुणी विचारत नाही. सिनेमा पडला की खड्डा या बायरला पडतो. त्यानं व्याजानं उचललेले पैसे असतात. त्याच्या खाली तालुक्याच्या गावचा थिएटरवाला, त्याच्या खाली कँटीन चालवणारा, सायकल स्टँडवाला. आठवडाभर थिएटर भरलं तर यांचा महिना निघतो, आणि दुसऱ्या आठवड्यात थिएटर ओस पडलं तर संक्रांतीचा हंगाम हातचा जातो.

या नुकसानीची भरपाई कशी होते? ठरलेली पद्धत नाही. निर्माता पुढचा सिनेमा स्वस्तात देईन म्हणतो. कधी मोठा नट मन मोठं करतो. रजनीकांतनं २००२ साली 'बाबा' पडल्यावर वितरकांना पैसे परत केले, त्याची आठवण दक्षिणेत अजून काढतात. 'विनय विधेय रामा'च्या वेळीही राम चरण आणि दानय्या यांनी बायरांच्या नुकसानीचा काही भाग उचलल्याच्या बातम्या आल्या होत्या. हे चांगलंच झालं. पण नटाच्या चांगुलपणावर सोडून द्यावी अशी ही गोष्ट आहे का? ज्या धंद्यात शेकडो थिएटरं आणि हजारो माणसं गुंतली आहेत तिथं नफा झाला तर वाटणी कशी आणि तोटा झाला तर वाटणी कशी हे करारात लिहिलेलं असायला हवं. शेतमालाच्या अडतीत तरी हमाली, तोलाई पावतीवर लिहिलेली असते.

राम चरणनं त्या वेळी आणखी एक केलं, आणि ते मला पैशाइतकंच मोलाचं वाटतं. २०१९ च्या फेब्रुवारीत त्यानं चाहत्यांना उद्देशून एक पत्र प्रसिद्ध केलं. तंत्रज्ञांचे, निर्मात्याचे, वितरकांचे, थिएटरवाल्यांचे आभार मानले आणि सरळ कबूल केलं की आम्ही कष्ट घेतले, पण तुमच्या अपेक्षा पुऱ्या करू शकलो नाही. सिनेमाला लोकांनी समजून घेतलं नाही, समीक्षकांनी घात केला, असं त्यात काही नव्हतं. चिरंजीवीचा मुलगा, ज्याच्या नावावर पहाटेपासून रांगा लागतात, तो प्रेक्षकाच्या नकारापुढं मान तुकवतो, यात मला त्या प्रेक्षकाचा मोठा सन्मान दिसतो.

अलीकडं मात्र वारं उलटं वाहतंय. सिनेमा पडला की दोष समीक्षकाचा, यूट्यूबवर बोलणाऱ्या पोरांचा, थिएटराबाहेर माईक धरणाऱ्यांचा. २०२४ च्या अखेरीस तमिळ निर्मात्यांची संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली आणि सिनेमा लागल्यावर पहिले तीन दिवस समीक्षा येऊ नयेत अशी मागणी तिनं केली. तेलुगूतही अशी कुरकुर नेहमी ऐकू येते. ठरवून केलेली बदनामी असते, दुसऱ्या नटाचे चाहते टोळीनं शिव्या घालतात, सिनेमा लागण्याआधीच तो पडल्याचं लिहून टाकतात, हे मी नाकारत नाही. त्यावर कारवाई जरूर व्हावी. पण पैसे मोजून तिकीट काढलेल्या माणसानं बाहेर येऊन "कथा लेदु" म्हणणं ही बदनामी नव्हे. आणि पहिल्या तीन दिवसांचाच आग्रह का, हेही समजून घ्यायला हवं. पहाटेचे बेनिफिट शो म्हणजे नेहमीच्या खेळांआधीचे खास खेळ, वाढवलेले तिकीटदर, एकाच दिवशी हाताशी असतील तेवढे पडदे, ही सगळी मांडणी अशी असते की माणसं एकमेकांशी बोलण्याआधी पैसा गोळा व्हावा. या घाईनं गर्दी कुठल्या थराला जाते ते आपण हैदराबादमध्ये ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री पाहिलं. 'पुष्पा २'च्या आधीच्या खेळाला चेंगराचेंगरी झाली, एक आई गेली आणि तिचा लहान मुलगा मरणाच्या दारात पोचला. सिनेमा कसा आहे हे दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला विचारून मग जाण्याइतकी सवड माणसाला मिळाली असती तर त्या रात्री ती तिथं असती का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

शिवाय 'विनय विधेय रामा'चा अनुभव काय सांगतो? समीक्षा पहिल्याच दिवशी वाईट आल्या होत्या, तरी थिएटरं भरली. चाहत्यांनी समीक्षकाचं ऐकलं नाही. सिनेमा बसला तो त्यानंतर, जेव्हा पाहून आलेल्यांनी घरी जाऊन सांगितलं की बायकापोरांना घेऊन जाण्यासारखं यात काही नाही. त्याच संक्रांतीला 'एफ टू' हा वेंकटेश आणि वरुण तेज यांचा विनोदी सिनेमा दुसऱ्याच दिवशी लागला होता, आणि सणाला जमलेली कुटुंबं तिकडं गेली. नवरा-बायकोच्या कुरबुरींवरचा साधा, घरगुती सिनेमा. आमच्या पूर्वभागातही तसंच झालं. मित्राच्या चुलत भावांनी दोन दिवसांनी घरच्या आठ-नऊ जणांना तोच सिनेमा दाखवून आणला.

आता आपल्याबद्दल. तेलुगू सिनेमाचं यश पाहून मराठी निर्माते नि प्रेक्षक गेली काही वर्षं दोन टोकांवर बोलतात. एक म्हणतो, त्यांच्यासारखी मारधाड, त्यांच्यासारखा आवाज, त्यांच्यासारखा भव्य नायक आपल्याकडं का नाही. दुसरा म्हणतो, ते सगळं बिनडोक, आपला सिनेमा आशयाचा. दोघांनीही तो प्रेक्षक पाहिलेला नाही. पहिला त्या पोतडीतून नेमकी तीच वस्तू उचलतो जी तेलुगू माणसानं टाकून दिली. दुसऱ्याला हे दिसत नाही की आशयाची परीक्षा तिथं समीक्षकाआधी पिटातला माणूस घेतो. आपल्याकडं 'मुळशी पॅटर्न' चालला तो कोयत्यांमुळं नाही. जमीन विकून आलेला पैसा संपल्यावर शेतकऱ्याच्या पोराच्या हातात कोयता कसा येतो हे त्यात दिसलं, म्हणून चालला. बापाची हरलेली नजर लोकांनी ओळखली. हिंसेला मूळ लागतं हे मराठी प्रेक्षकालाही कळतं. फरक एवढाच की तेलुगू माणूस वर्षभर थिएटरात जातो, पैसे मोजतो, आणि म्हणून त्याच्या नकाराला धार आहे. आपण घरी बसून तुकड्यांना हसतो. त्या हसण्याला तेवढं वजन नाही.

काकांना मी त्या दिवशी एवढं सगळं सांगू शकलो नाही. पाहुण्यांत वाद नको म्हणून गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं मला अजून टोचतं. सांगायला हवं होतं ते मित्राच्या आईबद्दल.

अम्मांनी आयुष्यभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटांत दोरा. टीव्ही चालू असतो आणि हात चालू असतात. पडद्यावर मारामारी असो, गाणं असो, बातम्या असोत, बघता बघता त्या पान गुंडाळतात, दोरा बांधतात, तोंड दुमडतात. खाली बघायची त्यांना गरज पडत नाही. 'विनय विधेय रामा' टीव्हीवर लागला होता त्या दुपारी मी त्यांच्याकडं होतो. मुंडकी उडाली, पक्षी आले. अम्मांचे हात थांबले नाहीत. मध्येच त्यांनी मला विचारलं, "चहा टाकू का रे?"

काही आठवड्यांनी 'रंगस्थलम' लागला. त्यांनी तो थिएटरात पाहिला होता, टीव्हीवरही एकदा पाहिला होता. काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. कुमारबाबू मारला जातो त्या प्रसंगाच्या जरा आधीच त्यांनी सूप मांडीवरून उचलून खाली ठेवलं. धाकट्यानं भावाला कवटाळलं तेव्हा अम्मा पुटपुटल्या, "अय्यो, कुमारबाबू." हात पदराखाली गेले. जाहिरात लागली तरी बराच वेळ ते तिथंच होते.

मग त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं, आणि संध्याकाळी कारखान्यात माल द्यायचा म्हणून जरा घाईनं पुढचं पान उचललं.